त्या दिवशी मी चावलो नाही

मित्रांनो, मी एक जुना काळा बूट आहे, उजवा, आणि माझ्यामुळे कासारमळा नावाच्या गावाला अख्खा उन्हाळा पाणी मिळालं नाही.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मी पुन्हा नीट, जन्मापासून सुरू करतो.

मी एक जुना काळा बूट आहे. माझा जन्म नांदेडला, स्टेशनजवळच्या एका गल्लीत झाला. माझं कातडं मुखेडच्या बाजारातल्या एका म्हशीचं. ती स्वभावानं गरीब होती, असं मला सांगण्यात आलं. कारागिरानं मला शिवलं, टाच ठोकली आणि शेवटी एक लोखंडी शिक्का तापवून माझ्या तळव्यावर दाबला. त्यावर इंग्रजीत 'लंडन' असं होतं. तेव्हापासून मी लंडनचा. डाव्या बुटावर शिक्का नीट बसला नाही, नुसतं 'डन' उमटलं. आपण कुठले, हे त्याला आजही माहीत नाही. म्हणून तो फारसा बोलत नाही.

दुकानात आम्हाला काचेच्या कपाटात ठेवलं होतं. शेजारी कंपनीचे बूट होते. त्यांना स्वतःची खोकी होती, खोक्यांवर नावं होती, आणि खोकी नसलेल्यांकडे ते बघत नसत. मी दिवसभर रस्त्यावरचे पाय बघायचो आणि मनात इच्छा धरायचो. बुटाची इच्छा काही फार मोठी नसते. वर एक इस्त्रीची पँट असावी, आत पायमोजा असावा, आणि फरशीवरून चालायला मिळावं. फरशीवर आमचा टकटक आवाज होतो. मातीत कितीही रुबाबात चाला, कोणाला कळत नाही.

एके दिवशी साहेबराव दुकानात आला. तो लातूरकडच्या मुरुडजवळच्या बोरतांबीचा. मुरुडच्या एका शाळेत शिपायाची जागा निघाली होती, आणि मुलाखतीला बूटच पाहिजेत असं त्याच्या मनानं घेतलं होतं. सोबत त्याचे नांदेडचे मामा होते.

"आरं, शिपायाच्या मुलाखतीला बूट?" मामा म्हणाले. "हेडमास्तर उठून हुबा राहील की."

"राहू द्या," साहेबराव म्हणाला.

त्याचा पाय सात नंबरचा आणि मी आठचा. पुढे कापूस कोंबला. साहेबरावला नोकरी मिळाली. हेडमास्तर खरंच अर्धवट उठले होते, पण ती वेगळी गोष्ट.

साहेबरावचं घर बोरतांबीच्या बौद्धवाड्यात होतं. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, कोट आणि टाय घातलेला. फोटो छातीपर्यंतच होता. त्यामुळे पायात काय आहे ते दिसत नव्हतं. पण साहेबराव म्हणायचा, बूटच असणार. एवढ्या कोटाखाली दुसरं काय असेल? तो दर रविवारी बोटावर करडीचं तेल घेऊन मला चोळायचा आणि मधूनमधून फोटोकडे बघायचा, आपलं बरोबर चाललंय ना म्हणून. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. कातडं लोण्यासारखं मऊ होतं. मी कोणालाही चावत नव्हतो.

साहेबरावचं कोंडाबाईशी लग्न झालं ते मी पायात असताना. कोंडाबाई कासारमळ्याची. हे गाव टेकडीपलीकडे, दीड कोसावर. पुढे साहेबरावच्या चुलतभावाचं लग्न माझ्यातच झालं, मग मावसभावाचं. आणि मग वरच्या आळीतूनही मागणी आली. कारण सरळ होतं. साऱ्या बोरतांबीत बूट आम्हीच, आणि नवरदेव चपलेवर उभा राहिला की फोटोत तो नवरीचा काका दिसतो.

वरच्या आळीचे पुढारी म्हणजे गुरुपादप्पा. त्यांचं किराणा दुकान होतं. कोणाचं कुठलंही कार्य असो, मांडव त्यांच्याच देखरेखीखाली पडे. ते बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभं राहून आवाज द्यायचे, "साहेबराव, हाव का घरात?" बूट परत करायच्या दिवशी मात्र, "साहेब्या, ने रे तुझं." माझ्या येण्याजाण्यात त्याच्या नावातला राव गळून पडायचा. तो कुठे पडतो, हे मी बरीच वर्षं शोधलं.

दुसरी गोष्ट अशी की वरच्या आळीत मला पायात घालण्याआधी धुवून काढायचे आणि वर गोमूत्र शिंपडायचे. साहेबरावच्या घरचं पाणी चालत नव्हतं, साहेबरावचे बूट चालत होते, पण शिंपडून. म्हशीचं कातडं गोमूत्रानं शुद्ध होतं का, हे मला माहीत नाही. म्हशीलाही माहीत नव्हतं. परत आलो की साहेबराव तेल घेऊन बसायचा आणि माझा कडकपणा निघून जायचा.

मग लातूर नवा जिल्हा झाला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात पाणी संपलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, तरी बोरतांबीत काही लोक जिल्ह्याकडे संशयानं बघायचे. विहिरी कोरड्या पडल्या. दिवसाआड एक टँकर यायचा, पण तो कासारमळ्याला. बोरतांबीच्या विहिरीत तळाला हातभर पाणी होतं, म्हणून आमचं नाव मागे होतं. साहेबरावच्या घरात तेलाची बाटलीही पालथी पडली. माझे रविवार थांबले.

अशा साली वेगळी लग्नं कोणाला परवडणार? गुरुपादप्पांनी सामुदायिक विवाह ठरवला. शाळेच्या मैदानात एकाच दिवशी पाच लग्नं, पाचही वरच्या आळीची. शोभेला जिल्ह्याचे एक साहेब बोलावले. ते कुठल्या खात्याचे, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. जिल्हा नवा होता, साहेबांनाही ते नुकतंच कळलं असावं.

आता नवरदेव पाच आणि बूट आम्ही दोनच. म्हणजे जोडी एक.

गुरुपादप्पांनी तोड काढली. एकेक नवरदेव फाटकापासून स्टेजपर्यंत बूट घालून चालत येईल. पायरीशी काढेल. बूट टोपल्याखाली झाकून मागच्या वाटेनं पुन्हा फाटकाशी जातील. धुवायला पाणी नव्हतं. म्हणून नुसतंच गोमूत्र. "एकदाच शिंपडा, पाचांना पुरं," असं गुरुपादप्पा म्हणाले होते, पण दर नवरदेवाच्या मामाला दुसऱ्याच्या मामाचा भरवसा वाटेना. पाच मामांनी पाच वेळा शिंपडलं. वर वैशाखाचं ऊन. मी लाकूड झालो.

बुटाला दात नसतात, मित्रांनो. टाचेमागची कड वाळली की तीच चावते. पहिला नवरदेव लंगडत स्टेजवर गेला. दुसरा त्याच पायानं लंगडत गेला. तिसऱ्याच्या वेळी साहेब खुर्चीत पुढे सरकले. चौथ्याच्या वेळी उभे राहिले. पाचवा आला तेव्हा त्यांनी गुरुपादप्पांना जवळ बोलावलं.

"तुमच्या गावात सगळे तरुण असेच चालतात?"

आता सांगायचं काय? पाचजणांत मिळून एक बूट, तोही साहेब्याचा, हे स्टेजवर आणि पाच व्याह्यांच्या देखत सांगायचं? गुरुपादप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली झाली.

"साहेब," ते म्हणाले, "पानी वाईट हाय हितलं."

साहेब गंभीर झाले. पाण्यातल्या दोषानं हाडं वाकतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्याच आठवड्यात कासारमळ्याचा टँकर बोरतांबीला वळला. जिल्ह्यात टँकर मोजकेच. एकाला द्यायचा तर दुसऱ्याचा काढावा लागतो. गावानं आनंदानं घागरी लावल्या. पाचही नवरदेव धावत आले.

चौथ्या दिवशी सरजाबाई आली. सरजाबाई म्हणजे कोंडाबाईची आई, कासारमळ्याची. डोक्यावर रिकामी घागर होती.

"कोंडे, आमचा टँकर बंद झाला बग," ती म्हणाली. "डायवर म्हनला, बोरतांबीत समदे लंगडे झालेत, तिकडं धाडलाय. कोन गं लंगडून राहिलंय?"

"पाच नवरदेव," कोंडाबाई म्हणाली.

"मंग कुठं हायत?"

"आत्ता टँकरवर चढलेत की."

सरजाबाईनं दाराशी ठेवलेल्या माझ्यावर बोटाचं पेर वाजवून पाहिलं. दार वाजावं तसा मी वाजलो. तिनं नाकाशी धरलं आणि लगेच दूर केलं. पुढे तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं. तिनं मला नुसतं हळूच खाली ठेवलं. ती भरलेली घागर घेऊन परत निघाली, तेव्हा कोंडाबाई म्हणाली, "चार दिस हितंच राहा की, माय."

"समद्या आळीला न्हाई अन म्या हितं ढोसू?" म्हणून ती गेली.

त्यानंतर सरजाबाई एक दिवसाआड येऊ लागली. एका घागरीत आळी भागत नव्हती. बाकीचं पाणी ती आणि तिच्यासारख्या चारजणी लांब नदीच्या पात्रात झरा उकरून आणायच्या.

साहेबरावला ते बघवेना. "जाऊन खरं सांगून येतो साहेबाला," तो म्हणाला.

"मग हितलं पानी बी जाईल," कोंडाबाई म्हणाली. "गाव आपल्याला वाड्याभाईर निघू द्यायचं न्हाई."

"तुझी आय हाय ती."

कोंडाबाईनं चुलीत एक काटकी सारली. मग म्हणाली, "तोंडानं सांगून कोन ऐकतंय. बूट घालून जावा. साहेबाफुडं लंगडून दाखवा. मग काढा, अन धड चालून दाखवा. मग तर कळंल?"

एवढा हुशार बेत मी आजवर ऐकलेला नाही. आणि तो सगळा माझ्यावर अवलंबून होता. मला फक्त चावायचं होतं. तेवढंच तर मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सरजाबाई पाण्याला आली. साहेबराव दाढी करत होता, कोंडाबाई टँकरच्या रांगेत होती. जावई लातूरला आपल्यासाठीच चाललाय, एवढंच तिला माहीत होतं. बेत तिला कोणी सांगितलाच नव्हता. तिनं कनवटीची छोटी बाटली काढली. त्यात केसांपुरतं करडीचं तेल होतं. तिनं ते सगळं माझ्या टाचेत जिरवलं. अंगठ्यानं चोळून चोळून.

"जावईबापूला लई चालायचंय," ती मला म्हणाली. "चावू नगंस रे बाबा."

मित्रांनो, मला कोणी असं सांगून तेल लावलं नव्हतं.

साहेबरावनं हेडमास्तरांची जुनी पँट मागून आणली होती, इस्त्री केलेली. पायमोजे होते. लातूरला साहेबांच्या कचेरीत नवी फरशी होती. मी पहिलं पाऊल टाकलं आणि टक् असा आवाज झाला. मी दुसरं टाकलं. मित्रांनो, काचेच्या कपाटात मी जे जे मागितलं होतं, ते सगळं मला त्या व्हरांड्यात एकदम मिळालं. वर पँट, आत मोजा, खाली फरशी. डावासुद्धा बोलला. "टक्," तो म्हणाला.

साहेबांच्या टेबलापुढे साहेबरावनं सगळं खरं सांगितलं. बूट एकच, नवरदेव पाच, गोमूत्र, ऊन. मग म्हणाला, "बगा साहेब, कसा चावतो ते," आणि चालून दाखवलं.

टक, टक, टक, टक. भिंतीपर्यंत गेला. वळून आला. सैनिकासारखा.

तो थांबला आणि त्यानं खाली माझ्याकडे बघितलं. त्याला लंगडायचं सोंग करता आलं असतं. पण तो खरं सांगायला आला होता, आणि खरं सांगताना सोंग कसं करायचं, हे त्याला माहीत नव्हतं.

"बूट कुठले आहेत?" साहेबांनी विचारलं.

साहेबरावनं मला पायातून काढलं आणि उलटं करून बघितलं. "लंडन," तो म्हणाला. त्याला खोटं बोलताच येत नव्हतं.

"लंडनच्या बुटात दोष आहे, असं तुमचं म्हणणं आहे तर." साहेब हसले नाहीत, फक्त लिहू लागले. "तुम्ही बोरतांबीचेच ना? छान चालता. म्हणजे टँकरचा गुण आला. पावसाळ्यापर्यंत चालू ठेवू."

तेल लागलं होतं म्हणून मी चावलो नाही, असं मी बरीच वर्षं डाव्याला सांगत आलो. खरं म्हणजे टाचेच्या कडेचं एक टोक अजून कडक होतं. पण फरशीवर मी चावायचं विसरलो.

गावात बातमी आमच्याआधी पोचली. गुरुपादप्पा दुकानाच्या पायरीवर बसले होते. "पानी तोडाया गेलता अन वाढवून आलास," ते म्हणाले. "तुला साहेब्या म्हनावं का साहेबराव, तेच कळंना झालंय."

साहेबराव सरळ घरी आला. पुढच्या लग्नाला बूट मागायला माणूस आला, तेव्हा त्यानं दारातूनच सांगितलं, "चावतेत." मग आम्हाला पोत्यात घालून माळ्यावर टाकलं. तेल नाही, पॉलिश नाही. उंदरांनी माझी नाडी नेली. तक्रार नाही.

पाऊस यायचा तेव्हा आला. टँकर गेला, पाचही नवरदेव बाप झाले. सरजाबाई मात्र त्या उन्हाळ्यानंतर उजव्या पायानं लंगडते. नदीच्या वाटेवर भरल्या घागरीसकट गुडघा दुखावला, तो सरळ झाला नाही. लेकीकडे आली की माळ्यावर मला तिची पावलं ऐकू येतात, एक जड आणि एक हलकं. दोन्ही गावांत मिळून खरं लंगडणारं माणूस ते एवढंच. ते बघायला कोणी खुर्चीत पुढे सरकलं नाही.

मित्रांनो, बुटांना वेळच्या वेळी तेल लावत जा. आणि ज्याचे बूट मागून घ्याल, त्याचं नाव बूट परत करतानाही पुरतं घ्या.

सबब, संबंधित खात्यास, ते जे कोणते असेल त्यास, नम्र विनंती करण्यात येते की, बोरतांबी येथील दोष पाण्यात नसून अर्जदाराच्या टाचेत होता याची नोंद घेण्यात यावी. अर्जदाराच्या तळव्यावरील 'लंडन' हा शब्द रद्द समजण्यात यावा. त्या उन्हाळ्याचं कासारमळ्याचं पाणी मागील तारखेपासून मंजूर करून त्याच तारखांना पोचतं करण्यात यावं. आणि तोपर्यंत सरजाबाईंनी कोणत्या पायावर भार द्यावा, याबाबत लेखी कळवण्यात यावं.

सोबत जोडले आहे: डावा बूट, एक.