लांडीची सवय

लुइझियानाच्या दलदलीत ओडिल एकोणीस वर्षं पर्यटकांना मगरी दाखवत होती. सायप्रसच्या झाडांखाली बोटीचं इंजिन बंद करून ती "ये गं, लांडे!" अशी हाक मारायची, आणि शेपूट तुटलेली ती थोराड मगर मार्शमेलोच्या मऊ गोड वड्या खायला थेट बोटीपाशी यायची.

सप्टेंबरात मगरींच्या शिकारीचा सरकारी हंगाम उघडला. दुसऱ्याच सकाळी धक्क्यावर ओडिलच्या दिराच्या, अल्सीदच्या, होडीत लांडी पडलेली होती. डोक्यात एकच गोळी.

"वहिनी, गळाला कोंबडी लावायचीसुद्धा गरज पडली नाही," अल्सीद खुशीत म्हणाला. "इंजिन बंद केलं मात्र, बाईसाहेब आपणहून तोंड वासून हजर!"

परवाना त्याच्याकडे होता, आणि सवय ओडिलनेच लावली होती.

दहाची फेरी काही चुकवता येईना. नेहमीच्या जागी तिने इंजिन बंद केलं, पण हाक मारली नाही. तरी शेवाळ बाजूला सारत लांडीचं गेल्या सालचं पिल्लू आलं, जेमतेम हातभर लांब, आणि बोटीला लागून तोंड उघडून थांबलं.

"बाई गं, किती गोड! द्या ना त्याला काहीतरी," एक पाहुणी म्हणाली.

ओडिलने वल्हं उचललं आणि त्याच्या तोंडासमोर पाण्यावर दाणकन हाणलं.

"पळ, मेल्या! माणसं आहोत आम्ही!"

पिल्लू पाण्याखाली गेलं. मग चार हातांवर पुन्हा वर आलं, आणि तिच्याकडे बघत त्याने तोंड उघडलं.