बिनआवाजाची सकाळ

स्वरूपाला सकाळ कधी मानवलीच नाही. माहेरी, अहमदपूरकडच्या गावात, आईचं सडा-सारवण होऊन भाकरी थापून व्हायच्या, तेव्हा कुठे ही डोळे चोळत उंबऱ्यावर येऊन बसायची. सासरी आल्यावर सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, तिला नावच ठेवलं. "उठल्या का आमच्या सूर्यवंशी?" असं त्या परसातून विचारायच्या आणि विहिरीवर निघालेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. गावात ते हसण्यावारी गेलं. भोसरीत आल्यावर त्यातलं हसू संपलं.

भोसरीत त्यांची एक खोली होती. वरच्या मजल्यावर घरमालकीण जयमालाताई, खाली भाडेकरूंची रांग. सुजित एमआयडीसीत पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये, स्वरूपा चाकणला गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या कंपनीत. दोघांच्याही शिफ्टा फिरत्या. कधी तो रात्री कामावर, कधी ती मध्यरात्रीनंतर कंपनीच्या बसमधून उतरायची. पलंग एकच, आणि त्यावरचं अंथरूण कधी गार पडायचं नाही. एक उठलं की दुसरं त्याच उबेत शिरायचं. या सगळ्याच्या मधे त्यांची सुखदा, दुसरीतली, दोन वेण्यांची, सकाळच्या शाळेची.

सकाळ म्हणजे त्या खोलीत रोजचं भांडण होतं. मोबाइल ओरडायचा, स्वरूपा तो बंद करून पुन्हा झोपायची. मग व्हॅनचा हॉर्न ऐकून धडपडत उठायची. मोजा सापडायचा नाही, वेणी वाकडी व्हायची, डब्यात बिस्किटाचा पुडा जायचा. झोपेतून उठलेल्या माणसाचा हात जड असतो. एकदा तो सुखदाच्या पाठीत पडला. पोर रडत व्हॅनमध्ये चढली. स्वरूपा दारातच बसून राहिली, आणि बसल्या बसल्या तिला पुन्हा डुलकी लागली. त्या डुलकीची लाज तिला मारल्यापेक्षा जास्त वाटली.

दिवाळीला दुर्गाबाई आल्या आणि त्यांनी हे सगळं चार सकाळी बघितलं. टोमणा मारला नाही. जाताना मुलाला म्हणाल्या की लेकराला माझ्याकडं पाठव, गावात शाळा आहे, दूध आहे, पहाटे उठणारं माणूस आहे. सुजितने मान खाली घातली, नाही म्हणाला नाही. स्वरूपानेच हात जोडले. शाळेचं वर्ष संपेस्तोवर बघा, म्हणाली, मी सगळं नीट लावते, नाही लागलं तर तुम्ही म्हणाल तसं. त्या शब्दावर सासू गावाला गेली. स्वरूपाच्या डोक्यात मात्र तेच फिरत राहिलं. लेकरू जाईल. आपल्या झोपेपायी लेकरू जाईल.

लवकर उठणं तिला जमणार नव्हतं, हे तिला स्वतःला माहीत होतं. मग तिने सकाळच हलकी करायची ठरवली. सकाळची कामं उचलून संध्याकाळी नेली, शिफ्ट असेल तर दुपारी. गणवेश इस्त्री करून खिळ्याला. मोजे बुटांत खोचलेले. दप्तर दाराशी. पोळीचा रोल डब्यात, डबा झाकणासकट ओट्यावर. बादली भरून मोरीच्या कडेला, त्यात पाणी तापवायचा रॉड टाकलेला, म्हणजे पलंगावरून हात लांबवला की बटण. पाणी तापलं की बटण बंद करून रॉड खिळ्याला अडकवायचा, तेवढंच उठणं. नंतर पुन्हा पडायला हरकत नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, की ओरडायचं नाही. ना आईने, ना लेकीने. जे कुणी शिफ्ट करून झोपलंय त्याला उठवायचं नाही.

नियम पोरीच्या ध्यानात राहावा म्हणून तिने त्याची ओवी केली. तिच्या आईच्या गळ्यात ओव्या होत्या, हिच्याही गळ्यात तो वळसा उतरला होता.

सकाळच्या पारी बाई, हळूच काढ कडी
निजल्या जिवाची गं, मोडू नको घडी

हळू ठेव तांब्या, हळू ठेव वाटी
राबून आली आई, लेकराच्यासाठी

सुखदाला ती फार आवडली. ती मनातल्या मनात म्हणायची, ओठ तेवढे हलायचे. चार-आठ दिवसांत घर बदललं. हॉर्न वाजायच्या आधी पोर दारात तयार. स्वरूपा पलंगावरूनच तिची वेणी घालायची, गालाला गाल लावायची, आणि दार ओढलं गेलं की पुन्हा गोधडीत शिरायची. कितीतरी वर्षांनी तिला सकाळ गोड लागली. मग हळूहळू वेणी सुखदाच घालायला लागली, वाकडी का होईना. डबा तीच भरायची. ताट ठेवताना खाली फडकं घालायची, म्हणजे वाजायला नको. स्वरूपाला कधी जाग यायची तेव्हा पोर गेलेली असायची, आणि खोली इतकी निवांत असायची, की कुणी राहतच नसावं. ती स्वतःला म्हणायची, शहाणी झाली माझी बाय. फोनवर सासूलाही अभिमानाने सांगितलं, की आत्या, आता सकाळी घरात आवाज म्हणून नसतो.

दुर्गाबाई पलीकडून नुसतं "बरं" म्हणाल्या.

जानेवारीत थंडी कडक पडली. त्या आठवड्यात स्वरूपाला पहिली शिफ्ट, सुजितला तिसरी. ती अंधारात बस धरायची. तो थोड्या वेळाने येऊन, गोधडी डोक्यावरून ओढून झोपायचा. मधल्या वेळात सुखदा खाली गादीवर झोपेतच असायची. जयमालाताईंना लक्ष ठेवा म्हणायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. अंथरुणात माणूस असतं, एवढं पुरे होतं.

एका पहाटे सुजितच्या मशीनवरचा बदली माणूस आलाच नाही. सुपरवायझर म्हणाला, राव, आज ओव्हरटाइम कर, लाइन थांबवता येत नाही. सुजितने स्वरूपाला फोन लावला. तिच्या कंपनीत मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवून आत जायचं असतं. मोबाइल तिथेच थरथरत राहिला. सुजितने मेसेज टाकला आणि मशीनकडे वळला. नंतर त्याने सांगितलं, की मला वाटलं, पोरगी आता आपलं आपण आवरते.

इकडे स्वरूपाने उठताना गोधडीची घडी केली नव्हती. बस चुकत होती. उशीवर गोधडी गोळा होऊन पडली होती, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात ती हुबेहूब कुशीवर वळलेल्या माणसासारखी दिसत होती.

सुखदा उठली. बघितलं, पप्पा झोपलेत. बादलीत रॉड होता, पण पाणी गार. पप्पांचं बटण दाबायचं राहिलं असेल, दमले असतील. तिने स्वतः बटण दाबलं. मग वेण्या घातल्या, एक मनासारखी होईना म्हणून सोडून पुन्हा घातली. तोवर पाणी चांगलंच उकळलं. शिकवल्याप्रमाणे बटण बंद केलं, रॉड काढून खिळ्याला अडकवला. बादली मोरीत ओढायला गेली तेव्हा कडी हातातून सुटली, बादली कलंडली, आणि पाणी उजव्या पायावर गेलं, गुडघ्यापासून खाली.

ती ओरडली नाही.

टॉवेलचं टोक तोंडात धरलं. पडलेली बादली उचलून सरळ ठेवली. फरशी पुसली. पायाला गार पाणी लावलं, थोडंसंच, कारण मोठा नळ सोडला की आवाज होतो. आंघोळ राहू दिली. त्या पायावर तिने मोजा चढवला, बूट घातला, डबा घेतला, आणि जाताना हळूच दार ओढलं.

शाळेत दुसऱ्या तासाला बाईंना ती लंगडताना दिसली. त्यांनी मोजा काढायला घेतला, तर तो निघेना.

स्वरूपाला हे शिफ्ट सुटल्यावर कळलं. लॉकरमधून मोबाइल काढला, तर त्यात शाळेचे फोन, सुजितचे फोन, जयमालाताईंचे फोन. चाकणहून दवाखान्यापर्यंत ती कशी आली, कुठल्या रिक्षात बसली, तिला पुढे कधीच आठवलं नाही.

सिस्टर जखम धूत होत्या. मोठी माणसं गुरासारखी ओरडतात असं ते काम. सुखदा पलंगाची कड धरून पडली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड मिटलेलं. सिस्टर म्हणाल्या, "रड गं बाळा, रडायला काय हरकत आहे? इथं कुणी रागवत नाही." पोरीने मान हलवली. पलीकडच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, ती त्यांच्याकडे बघत होती.

स्वरूपाने तिचं डोकं छातीशी धरलं. जरा वेळाने सुखदा कानात कुजबुजली, "आई, मी पप्पांना उठवलं नाही. अजिबात आवाज केला नाही."

शाबासकी मागावी तसं म्हणाली.

सुजितने तोंड उघडलं. मी घरात नव्हतोच, हे तो बोलून जाणार, हे स्वरूपाच्या ध्यानात आलं. तिने त्याचा दंड धरला आणि मान हलवली. त्या अंथरुणात कुणी नव्हतं, नुसती गोधडी होती, हे त्या पोरीला कसं सांगायचं? सुजित बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. नंतर तिथे जयमालाताई आल्या. "आवं, म्या वर हुते की," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "येक हाक मारली असती तर जिना उतरून आले असते."

दुर्गाबाई तिसऱ्या दिवशी आल्या, तोवर सुखदाला घरी आणलं होतं. स्वरूपा त्यांच्या बोलण्याची वाट बघत होती. ते बोलणं एकदा होऊन जावं, आपण पायावर पडावं, नोकरी सोडते म्हणावं, पण पोर आपल्यापाशी ठेवून घ्यावी, असं तिने मनाशी घोकलं होतं. दुर्गाबाईंनी मात्र काही विचारलं नाही. दोन दिवस त्या कोपऱ्यात बसून नातीला बघत होत्या. पोर एका पायावर लंगडत, पण टाच न टेकता चालायची. पेला ठेवताना आधी बोट खाली घालायची, मग पेला. शिंक आली तर तोंड उशीत खुपसायची. आणि ओठ हलायचे.

"काय म्हणायलीस गं माय?" दुर्गाबाईंनी विचारलं. सुखदाने त्यांच्या कानात ओवी म्हणून दाखवली, सगळी.

म्हातारीने नातीचे केस मागे सारले. मग स्वरूपाकडे बघून म्हणाली, आवाज न चढवता, "आमी जात्यावर ओव्या म्हणायचो त्या जागं राहायला, पोरी. झोप यिऊ न्हाई म्हणून. तू लेकराला झोपंसाठी ओवी शिकवलीस."

स्वरूपा पायावर पडली नाही. नोकरी सोडली तरी आपण काय करणार, हे तिला एकदम दिसलं. ही पोर याच खोलीत, याच पलंगाभोवती अशीच टाचा उचलून फिरत राहणार. आपण जागे बसलो तरी ती आपल्याला निजलेलीच समजणार. तिने उठून भिंतीवरची पिशवी काढली आणि गणवेश बाजूला ठेवून घरातले फ्रॉक भरायला लागली.

"घेऊन जा, आत्या," ती म्हणाली. "फक्त तिला कुणी गप्प बस म्हणू नका."

"न्हाई म्हणत," दुर्गाबाई म्हणाल्या. "गलका हाय आमच्या घरात. कोंबड्या हायत, शेजारची पोरं हायत. सुटंल तिची जीभ." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तू बी येत जा."

सुजित पिशवीपाशी बसला. त्याने पिशवीचे बंद बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

पायाची जखम जरा सुकल्यावर वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर ते सगळे उभे होते. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेली गाडी लागली. उजाडायला आलं होतं. आतल्या माणसांच्या माना खांद्यांवर पडल्या होत्या, कुणी शाल गुंडाळून, कुणी तोंड उघडं टाकून झोपलेलं. दुर्गाबाईंनी सुखदाला खिडकीशी बसवलं, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

स्वरूपा खिडकीखाली गेली. इतके दिवस तिने ही एक गोष्ट मागायची ठेवली होती.

"सुखा, मला एकदा हाक मार. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल अशी."

सुखदाने आईकडे बघितलं. मग गाडीत मागे वळून बघितलं, त्या झोपलेल्या रांगांकडे. पुन्हा आईकडे वळली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"लोक झोपलेत, आई," ती कुजबुजली.

कंडक्टरने घंटी मारली.