काल सुलक्षणाचं काय झालं

पराटीत बाया वाकल्या होत्या, पण हात चालत होते त्याच्या दुप्पट तोंडं चालत होती. कमरेला ओट्या बांधलेल्या, बोंडातला कापूस ओढायचा न् ओटीत कोंबायचा, आणि वाद चालला होता सुलक्षणाचा.

ही सुलक्षणा गावातली कोणी नव्हे बरं. ती रोज सांजच्याला शंकररावाच्या टीव्हीत यायची. शंकररावानं छपरावर छत्री बसवली, गल्लीगल्लीत केबलची तार फिरवली, तेव्हापासून या बाईनं अख्ख्या गावाला याड लावलं होतं. ज्यांच्या घरी टीव्ही नाही ते शंकररावाच्या ओसरीत बसायचे, आणि ज्यांना तिथंही जाता येत नाही त्यांना दुसऱ्या दिवशी वावरात कोणीतरी सगळा भाग सांगायचा. ते सांगणं म्हणजे वेचणीतला रिवाजच होऊन बसला होता. तर ही सुलक्षणा नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. बाप तिला ठेवून घेतो का परत धाडतो, याचा निकाल कालच्या भागात लागायचा होता. आणि काल ऐन वक्ताला लाईन गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही.

बायांचा जीव नुसता टांगणीला. तानाबाई म्हणत होती, बाप तिला कशी धाडेल, बापाचं काळीज हाय ते. म्हातारी अंबूबाई म्हणत होती, धाडू नये, पण पुरुषाचा काही भरवसा नाही. एकीनं तर सुलक्षणासाठी शनिवारी मारुतीला तेल वाहायचं कबूल केलं होतं.

वच्छलाबाई हे सगळं ऐकत खाली मान घालून वेचत होती आणि तिच्या अंगाची नुसती आग होत होती. कारण तिचीच लेक, आशा, पोळ्याला नवऱ्याचा मार खाऊन देऊळगाव राजाहून आली ती माहेरीच होती. आताही ती पराटीच्या शेवटच्या तासात, म्हणजे ओळीत, एकटी वेचत होती. टीव्हीतल्या बाईसाठी डोळ्याला पदर लावणाऱ्या याच तानाबाईनं विहिरीवर सांगितलं होतं, नवऱ्याचा हात कोणाच्या अंगावर पडत नाही वं, पोरीनं थोडं सोसावं. बाकीच्या बायांनीही माना डोलावल्या होत्या. आशाच्या बापानं, उकंडरावानं, तेच धरून जावयाला निरोप धाडला होता. जावई आज दुपारच्या गाडीनं तिला न्यायला येणार होता. पोरीची पेटी दारात बांधून ठेवली होती.

लेकीची बोळवण करायची म्हणून काल उकंडरावानं वच्छलाबाईला साडी न् नारळ आणायला धामणगाव बढ्याला पिटाळलं. ती रात्रीला बहिणीकडं राहिली आणि सकाळी पहिल्या गाडीनं येऊन थेट वावरात उतरली. म्हणजे अख्ख्या वावरात कालचा भाग पाहिलेलं माणूस कोण, तर वच्छलाबाई. तानाबाईनं सकाळपासून तिच्या मागं लकडा लावला होता. वच्छलाबाई म्हणे, जेवताना सांगतो.

खरं म्हणजे सांगण्यासारखं तिच्यापाशी काहीच नव्हतं. बहिणीच्या घरी ती टीव्हीपुढं बसली होती हे खरं, पण मांडीवर लेकीच्या बोळवणीची साडी होती आणि डोळ्यांपुढं भलतंच काही चाललं होतं. सुलक्षणा आली कधी, गेली कधी, तिला पत्ता नव्हता.

दुपारी निंबाखाली शिदोऱ्या सुटल्या. उकंडराव बैलबंडीच्या सावलीला बायांकडं पाठ करून बसला. टीव्ही म्हणजे बायकांचा खेळ असं तो चारचौघांत म्हणायचा, पण रोज सांजच्याला शंकररावाच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचा आणि त्याची मान खिडकीकडं वळलेली असायची. तंबाखू तळहातावर वाळून जायची. आता तोच म्हणाला, "सांगून टाक न् एकदाचं. या बायांचे कान तिकडंच लागले हायेत."

कान कोणाचे लागले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. वच्छलाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, तो तिच्या हातातच राहिला.

"बापानं धाडली तिले," ती म्हणाली.

बाया घास तोंडाशी धरून तशाच बसल्या. तानाबाईला खरंच वाटेना. वच्छलाबाईला पुढं काय बोलावं ते कळत नव्हतं, पण तोंड उघडलं न् गोष्ट आपोआप येत गेली. सुलक्षणाच्या बापानं लेकीला न विचारताच सासरी निरोप धाडला. बोळवणीची साडी आणवली, नारळ आणवला. लेक काही बोलली नाही, रडलीही नाही. दिवसभर काम करायची, आणि राती मायचा पदर मुठीत धरून निजायची, लहानपणी धरायची तसा. बाप म्हणायचा, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

तानाबाईनं त्या बापाच्या सात पिढ्या काढल्या. अंबूबाई म्हणाली, अशा माणसाच्या दारचं पाणी पिऊ नये. पण सगळ्यात तापला तो उकंडराव. तो बंडीकडून वळून बसला होता, हातातला तांब्या त्यानं खाली आपटला.

"बाप हाय का कसाई? गावाच्या तोंडासाठी पोटची पोर वाघाच्या जाळीत ढकलते का कोणी? असा बाप मेलेला बरा."

मग वच्छलाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"आन् तिचा डावा कान गेला होता," ती म्हणाली. "नवऱ्याच्या मारानं. त्या बाजूनं काहीच ऐकू येत नव्हतं. मायनं बापाले सांगतलं. तर बाप म्हणे, येईल हळूहळू."

हे शब्द उकंडरावाचेच होते, अंगणात दात घासता घासता बोललेले. तानाबाईला आठवलं, सकाळी आपण डावीकडून आशाला हाका मारल्या, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, तेव्हा आपण म्हटलं होतं, लय भाव खाते पोट्टी. सगळ्या बायांनी आशाकडं पाहिलं. आशा मान खाली घालून ठेच्यावर तेल घेत होती.

"वच्छला," अंबूबाईनं विचारलं, "हे टीव्हीत होतं?"

"टीव्हीत काय झालं मले ठाऊक नाई, मावशी. मी नुसतीच बसली होती तिथं."

उकंडराव उठला. वच्छलाबाईनं त्याचा चेहरा पाहिला. बायांपुढं त्याच्याच तोंडून त्याला शिव्या घालायला लावल्या, हे हा माणूस जन्मात विसरायचा नाही. त्याच्या हातात तुतारी, बैल हाकायची टोकदार काठी, होती. तो तिच्यापाशी आला, थांबला, आणि पार पल्याडच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, जाऊन बसला.

दुपारनंतर वावरात फक्त हात चालत होते. नुसता पराटीचा खसखस आवाज. तानाबाईनं आपल्या ओळीची पात सोडली आणि आशाच्या उजव्या बाजूला येऊन वेचायला लागली. वच्छलाबाईचं अर्धं ध्यान सडकेकडं, अर्धं धुऱ्याकडं. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ती वेचायची थांबली. आता काय होणार, आपण आगीत तेल ओतून बसलो का, असं तिला झालं.

जावई इंद्रभान आला, पांढऱ्या पायजम्यात, गॉगल लावून. संगं त्याचा मामा नारायणराव. घरी कुलूप पाहून ते थेट वावरात आले होते. उकंडराव धुऱ्यावरून उठून आला. त्यानं रामराम घातला, मडक्यातलं पाणी स्वतःच्या हातानं दिलं. पाणी पिऊन झाल्यावर नारायणराव म्हणाला, पोरीला तयार ठेवतो असा तुमचा निरोप होता, सांजची गाडी हाय.

"आज नाई जमत," उकंडराव म्हणाला. "वेचणी चालू हाय. माणसं भेटत नाईत."

इंद्रभान म्हणाला, मग पुढच्या आठवड्यात येतो.

"पुढच्या आठवड्यात कापसाचा दुसरा वेचा लागते."

"त्याच्या मंग?"

"मंग पराटी उपटाची. हरभऱ्याले पाणी द्याचं. मंग तो सोंगून काढाचा."

नारायणरावानं भाच्याच्या दंडाला हात लावला. मामाला नकार कळला होता. पण इंद्रभान ऐकेना. त्यानं गॉगल काढला. "उन्हायात तरी रिकामे असान ना?"

"उन्हायात वावर साफ कराचं. मंग पेरणी आलीच." उकंडराव पराटीवरचं एक बोंड तोडून हातात फिरवत होता. "शेतीचं काम सरत नाई, बापू. तुमी कायले चकरा मारता?"

इंद्रभान आवाज चढवून सरळ सांगा, धाडायची का नाही, असं म्हणाला आणि दोन पावलं आशाकडं निघाला. तेव्हा पराटीतून बाया उभ्या राहिल्या. अंबूबाई तेवढी ओटीसकट तासाच्या मधोमध येऊन उभी राहिली. म्हातारीला ओलांडून जायची हिंमत त्याला झाली नाही. मामानं त्याला ओढतच सडकेला नेलं. जाताना तो कोर्टाचं, पंचांचं बोलत होता, आणि ते तो करणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. हे भांडण आज मिटलेलं नव्हतं.

दोघं दिसेनासे झाले तशी वच्छलाबाई तासातच मटकन बसली. पोळ्यापासून कोंडलेलं रडू एकदम फुटलं, आणि ती भरल्या ओटीत तोंड घालून रडायला लागली.

उकंडराव तिच्याजवळून बंडीकडं जात होता. तो थांबला, पण त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

"उठ," तो म्हणाला. "कापूस भिजून राह्यला."