बहुतेक डांबरावर

बद्रीनाथच्या व्हॅनचे टायर पार टकले झाले होते. बोट फिरवलं तरी नक्षी कुठं लागायची नाही. रोज उस्मानपुऱ्यातून कंपनीची माणसं भरायची, बिडकीनच्या बाजूला नेऊन सोडायची आणि सुटलेली पाळी घेऊन परत यायचं, एवढ्यात टायर झिजणारच. पण गाडी आडवी झाल्याशिवाय जागा होईल तर तो बद्रीनाथ कसला! शेवटी आषाढात एकदा ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला, तर गाडी थांबायचं सोडून घसरत गेली आणि चहाच्या टपरीला जाऊन टेकली. कुणाला लागलं नाही, नशीब. त्याच दिवशी स्वारी जब्बारच्या दुकानात हजर झाली.

जब्बार टायरवाला त्याचा जुना दोस्त. त्यानं दोन टायर पुढ्यात उभे केले.

"देखो बद्रीभाऊ, ये सीधी रेघांवाला. डांबरावर मक्खन. आवाज नाही, ओल्या सडकेवर पकड चांगली. और ये मोठ्या गट्ट्यांवाला. चिखलातनं गाडी काढतो, पण डांबरावर घूं घूं करून डोकं उठवतो, अन् झिजतो बी लवकर. गाडी कुठं चलती ते बोलो, मग सांगतो."

"बहुतेक डांबरावरच."

"बहुतेक म्हणजे? बाकी कुठं?"

बद्रीनाथ जरा घुटमळला. बाकी म्हणजे आक्का होती.

द्वारकाबाई, त्याची थोरली बहीण. देवगाव रंगारीच्या शिवारात दिलेली, गावाबाहेर वस्तीवर राहायची. बद्रीनाथ रांगत होता तेव्हाच आई गेली, आणि ह्या पोरीनं त्याला कडेवर घेऊन वाढवला. स्वतःची शाळा सोडली, ह्याची केली. तिचं लग्न झालं त्या दिवशी हा इतका रडला होता, की वऱ्हाडी हसायला लागले. असं असताना बहिणीकडं किती जावं माणसानं? वर्षातून दोनदा. दिवाळीत भाऊबीजेला, तेव्हा जमीन वाळलेली असायची, गाडी दारापर्यंत जायची. आणि श्रावणात पंचमीला, मुऱ्हाळी म्हणून. सासरी असलेल्या बहिणीला सणाला माहेरी न्यायला भाऊ येतो, तो मुऱ्हाळी. त्यानं दारात यायचं, हातपाय धुवायचे, दोन घास खायचे आणि बहिणीला मानानं घेऊन निघायचं, अशी रीत.

पण श्रावणात फाट्यापासून वस्तीपर्यंतच्या काळ्या मातीचा नुसता लगदा व्हायचा. म्हणून आपला मुऱ्हाळी काय करायचा, तर फाट्यावर डांबरावर गाडी उभी करून हॉर्न मारायचा. मग आक्का हातात चपला घेऊन, लुगडं खोचून, चिखल तुडवत यायची. ती येईपर्यंत ह्यानं गाडीत खाली पोतं अंथरलेलं असायचं, का तर पायाला चिखल असतो! आक्का पोत्यावर पाय ठेवून बसायची आणि आधी विचारायची, "बद्री, जेवलास का रे?"

यंदा मात्र तिनं पंधरा दिवस आधीच फोन केला होता. "बद्री, औंदा दारात ये. मी फाट्यावर यायची नाय. जावा हसतात मला. म्हणतात, द्वारकाचा भाऊ लांबूनच भोंगा वाजवतो, त्याला काय आपल्या अंगणात काटे टोचतात का?"

"येतो की आक्का."

"नुसतं व्हय व्हय करू नको. गावातून ये, मारुतीच्या देवळावरनं. पण दारात ये."

गावातून काय आणि फाट्यावरनं काय, चिखल तो चिखलच, असं म्हणून बद्रीनाथनं ते ह्या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

"बाकी वर्षातनं एक दिवस," तो जब्बारला म्हणाला. "पंचमीला बहिणीकडं. तिथं चिखल लई असतो."

जब्बारला हसू आलं. "एका दिवसासाठी सालभर गट्टेवाले घेऊ नको. रेघांवाले टाक. अन् पंचमीला मेरे पास ये. गट्टेवाली जुनी जोडी पडली है, मागच्या चाकांना चढवून देतो. बहीण लेके आ, मग काढून टाकू. बहनका काम है."

किती सरळ बोलला बिचारा! पण आमचे बद्रीनाथ म्हणाले, "कुठं चढवा, कुठं उतरवा. एवढा कुटाणा एका दिवसासाठी? राहू दे. ती येते फाट्यापर्यंत. सवय हाय तिला."

सवय हाय तिला! हे शब्द पुढं त्याला किती छळणार होते, ते तेव्हा कळलं असतं तर त्यानं तिथंच जीभ चावली असती.

रेघांचे टायर बसले. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालायला लागली. कंपनीची माणसंसुद्धा म्हणाली, "भाऊ, आता झोप लागती गाडीत."

पंचमीला सकाळी बद्रीनाथ नवा शर्ट, नवे बूट घालून निघाला. कसाबखेडा मागं पडलं, पाऊस भुरभुरत होता. फाट्यावर येऊन त्यानं गाडी कडेला घेतली आणि सवयीनं हॉर्न मारला. मग फोन लावला.

"आक्का, आलोय गं. फाट्यावर हाय."

"मी दारात उभी हाय. ये."

"अगं, गाडी फसंल. नवे टायर टाकलेत, ते डांबरावरचे. चिखलात फिरतात नुसते."

"गावातून ये म्हणलं व्हतं."

"तिकडनं तरी काय येगळं असणार? तू ये की हळूहळू. मी थांबतो."

मग आक्का म्हणाली, "बरं."

आता 'बरं' ह्या शब्दाचे आपल्याकडं किती अर्थ! येते म्हणायचं असेल तरी बरं, आणि विषय संपला म्हणायचं असेल तरी बरंच. बद्रीनाथनं आपल्या सोयीचा अर्थ घेतला. पोतं अंथरलं, काच खाली करून पाणंदीकडं बघत बसला. आक्का आली नाही. पुन्हा फोन लावला, तिनं उचलला नाही. पुन्हा हॉर्न मारला. वरच्या शेतातला एक गडी वळून बघायला लागला, तेवढंच.

अरे, मग उतरावं ना खाली! बूट हातात घ्यावेत, पँट वर करावी आणि जावं चालत. तिनं इतकी वर्षं केलं, तुझे काय पाय झिजणार होते? पण नाही. बद्रीनाथला राग आला. एवढ्या लांबून न्यायला आलो आणि ही रुसून बसली, असं त्याच्या डोक्यात भरलं. त्यानं गाडी वळवली आणि रिकामी व्हॅन घेऊन घरी आला.

संध्याकाळी भाच्याचा, पुंजारामचा फोन आला.

"मामा, का आला नाय?"

"आलो व्हतो की फाट्यावर. तुझ्या आईलाच यायचं नव्हतं."

"मामा, रस्ता झालाय ना आपला. देवळापासनं थेट दारापर्यंत, सिमेंटचा. उन्हाळ्यातच झाला. आई म्हणली, मामाला कुणी सांगू नका, येऊ द्या अन् बघू द्या. तिनं रांगोळी काढली व्हती. जावांना बोलावून बसवलं व्हतं. म्हणली, आज बघा माझा भाऊ दारात गाडी घेऊन येतो."

बद्रीनाथनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग?"

"मग काय. तुमचा भोंगा ऐकू आला. सगळ्यांनाच आला. बायका उठून गेल्या."

दुसऱ्या दिवशीच जायला पाहिजे होतं. पण कोणत्या तोंडानं जायचं? आज जातो, उद्या जातो करता करता पोळा गेला, गणपती गेले, दसराही गेला. रोज तो स्टेअरिंगवर बसायचा, टायर गुळगुळीत पळायचे आणि त्याला त्यांचाच संताप यायचा. टायरांचा बिचाऱ्यांचा काय दोष? त्या सिमेंटवर ते मजेत गेले असते. गेला नाही तो हा. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. आक्का बोलली नाही तर, ह्याचीच त्याला भीती वाटायची.

दर दिवाळीला आक्काचा फोन यायचा, भाऊबीजेला लवकर ये म्हणून. यंदा आला नाही. भाऊबीजेच्या दिवशी बद्रीनाथ दुपारपर्यंत वाट बघत घरात येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी बायकोच चिडली, "बहिणीकडं जायला आवतण लागतं का तुम्हाला?" तेव्हा कुठं निघाला.

देवगावात शिरला, देवळावरून वळला. रस्ता खरंच सुंदर झाला होता. गाडी आवाजही न करता आक्काच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दिवस नुकताच मावळला होता. मक्याच्या वरच्या बाजूला बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी.

आक्का अंगणाच्या कडेला पाठमोरी उभी होती. तिच्या हातात ताट होतं, ताटात निरांजन पेटलेलं. तिनं आभाळाकडं बघून ताट खाली केलं, कपाळाला हात लावला आणि वळली. बद्रीनाथला बघून तिचा चेहरा क्षणभर हलला, मग तसाच स्थिर झाला. ती केवढी वाळली होती.

"आक्का," तो म्हणाला. "चुकलो गं मी. पाट टाक, ओवाळ मला."

"ओवाळून झालं."

"कुणाला?"

"चांदोबाला."

आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे, चांदोबाला कोण ओवाळतं. जिला भाऊ नसतो, ती.

"दिवा अजून जळतोय की आक्का."

"जळू दे. एकाला ओवाळलेलं ताट मी दुसऱ्याला फिरवत नाय." ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर त्याला सोसलं असतं. ताट तिनं तुळशीपाशी ठेवलं आणि घरात हाक मारली, "सूनबाई, खाट टाक. शहराकडले पाव्हणे आलेत."

बद्रीनाथ खाटेवर बसला. त्याला लहान पोरासारखं रडायला येत होतं, पण आता कडेवर घेणारं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं आक्का स्वतःच चहा घेऊन आली, कप त्याच्या हातात दिला आणि आत निघून गेली. चहात आलं होतं आणि साखर दोन चमचे जास्त, त्याला लहानपणापासून लागायची तश्शी. तोच त्याला गिळवेना.