डोळे सरावेपर्यंत

"असं अंधारात कोंडायचं होतं, तर माझी ट्रंक काय वाईट होती गं?"

सासूबाईंचा आवाज संग्रहालयाच्या रिकाम्या दालनाच्या चारही भिंतींना धडकून परत आला. काचेच्या पेटीपुढे त्या काठी टेकून उभ्या होत्या. पेटीत त्यांच्या आईने भरलेली शाल पसरली होती, चांगली लांबलचक, निळ्या पाखरांची. सासूबाईंना मात्र दिसत होता तो नुसता एक काळपट चौकोन.

"जरा थांबा ना, आई. दिसेल हळूहळू," सून म्हणाली. इथले दिवे तिच्याच हातचे होते.

"या वयात हळूहळू काय व्हायचंय माझं? जे व्हायचं ते होऊन गेलं. एक दिवा लाव चांगला, लख्ख."

"तेवढं एक करता येत नाही."

शेजारी पेटीचा पाया ठाकठीक करणाऱ्या सुतारदादांचा हात थबकला. या सासूबाईंना संग्रहालयातले सगळेच ओळखून होते. त्यांनी शाल दिली होती ती उसनी, आणि देतानाच संचालकांना बजावले होते, की आईची कारागिरी धड दिसली नाही तर उद्घाटनाच्या दारातून ती परत नेईन. उद्घाटन दुसऱ्या दिवशी सकाळी होते आणि साऱ्या मांडणीचा कळस ही शालच होती.

"घरात माझा शब्द खाली पडू देत नाहीस. इथे येऊन शिंगं फुटली वाटतं?"

"घरात तुम्ही सांगाल तिथे दिवा लावीन, आई. इथे शाल सांगेल तेवढाच."

"शाल सांगते म्हणे! ऐकलंत का हो सुतार?"

"आजी, मला नका ओढू यात. मी आपला लाकडाचा माणूस."

"लाकूडही तुमच्याहून बरं. निदान करकरतं तरी." सासूबाई वळल्या. "उद्या सकाळी गाडी घेऊन येते. शाल काढून ठेव."

काठीचा टकटकाट बोळातून दूर गेला.

सुनेला संग्रहालयात 'काजवा' म्हणत. हे नाव सुतारदादांचेच. काळा पायघोळ कोट घालून, हातात मिणमिणता दिवा घेऊन ती दालनभर फिरे, म्हणून काजवा. कोट काळा, कारण काचेत आपले प्रतिबिंब उमटून फसगत होऊ नये. प्रत्येक पेटी ती आधी उभ्याने पाही, मग बुटक्या स्टुलावर बसून लेकराच्या उंचीवरून पाही, मग बाजूने. कुणाच्या डोळ्यात दिव्याची तिरीप जात असेल, काचेवर कवडसा पडत असेल, तर शिडीवर चढून दिवा बोटभर वळवी आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसे. असे दिवसदिवस. काम पुरे झाले की दिवे कुणाच्या लक्षातही येत नसत. लोक वस्तू पाहून वाहवा करत निघून जात, आणि तिला तेच हवे असे. केलेले काम दिसू न देणे ही साधी विद्या नव्हे. ती कमवावी लागते.

संचालक घाईघाईने आत आले. त्यांनी शाल मिळवण्यासाठी सासूबाईंचा उंबरा झिजवला होता.

"बाई, एक दिवस वाढवा ना तो दिवा. उद्घाटनापुरता. एका दिवसाने काय बिघडतंय?"

"कापड उजेड विसरत नाही, साहेब. एकेक दिवस त्याच्या अंगात मुरत जातो. गेलेला रंग मग कुणाच्या बापाला परत आणता येत नाही."

तिने शालीच्या एका टोकाकडे बोट केले. ट्रंकेत जाण्याआधी ती शाल कितीतरी वर्षे घरात खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर असे. खिडकीकडची पाखरे राखेच्या रंगाची होऊन गेली होती. घडीच्या आत राहिली तेवढी अजून निळी होती.

"ते पटतं हो मला," संचालक म्हणाले. "पण शालच गेली, तर राखायचं काय?"

 ती तडक सासूबाईंच्या मागे निघाली.

अंगणात ऊन मी म्हणत होते. सासूबाई फाटकापाशी, दगडी ओट्यावर गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. सून जवळ जाऊन उभी राहिली.

"हट्ट वाटतो ना तुला माझा?" त्यांनी वर न पाहता विचारले.

"नाही, आई."

"खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही." त्या काठीने मातीत उगाच रेघ ओढत राहिल्या. "दिवसभर लोकांची धुणी धुवायची माझी आई. बोटं अशी फुगलेली. आणि मग खिडकीशी बसून हे नाजूक काम. डॉक्टर म्हणतात, उरलीय ती नजर जपा. जपून काय करू? एकदा डोळे भरून ती पाखरं बघायचीत मला. पुढच्या वर्षी बघेन म्हणायची सोय राहिली नाही आता."

गाडी आली. सुनेने हात देऊन त्यांना बसवले. दार हलकेच लोटले.

मग ती आत वळली. पांढऱ्याशुभ्र भिंतींचा, लख्ख दिव्यांचा बोळ ओलांडून तिने दालनात पाऊल टाकले आणि जागीच थिजली. समोर काही नव्हते. ना पेटी, ना शाल. चाचपत दोन पावले टाकली तोच ती कशावर तरी आदळली.

"बाई, मी आहे! खांब नव्हे!" सुतारदादा ओरडले.

"मला दिसत नाहीये काही."

"मला तर चांगलं दिसतंय की. सकाळपासून इथेच आहे ना मी."

ती तशीच उभी राहिली. अंधारातून हळूहळू पेटीची कड वर आली, मग शालीचा काठ. तोवर किती वेळ गेला! रांधणाऱ्या बाईची जीभ चाखून चाखून मीठ विसरते, तसे तिचे झाले होते. उजाडताच दालनात शिरायचे, अंधारात मुरायचे आणि मग दिवा जोखायचा. रणरणत्या उन्हातून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी तिने हे दालन एकदाही पाहिले नव्हते. त्यात म्हातारे डोळे. त्यांना तर सरावायला अधिकच वेळ लागायचा.

"दादा, चूक शालीच्या दिव्यात नाहीये. बोळात आहे."

मग तिने दुपारचा घास घेतला नाही की कुणाला घेऊ दिला नाही. बोळाच्या भिंतींवर करडे कापड ताणून बसवले. दाराशी मोठा उजेड, मग थोडा कमी, मग आणखी कमी, असे दिवे उतरत नेले. दालनातल्या माहितीच्या फळ्यावरचा झगझगीत दिवा अर्ध्यावर आणला. शालीच्या दिव्याला मात्र हात लावला नाही. संचालक येऊन बघून गेले, कपाळावर हात मारून म्हणाले, "लोकांना वाटेल, आमची वीजच कापलीय!"

"दादा, बाक लागेल एक. म्हाताऱ्या माणसाला उठताना हात टेकता येईल असा."

"उद्या सकाळपर्यंत?"

"आज संध्याकाळपर्यंत. ताजं लाकूड नको, त्याचा उग्र वास कापडाला बाधतो."

सुतारदादांनी आपला बसायचा जुना बाक घासूनपुसून, दोन्ही बाजूंना टेकायचे हात ठोकून आणला. पेटीसमोर, चार पावलांवर, तो ठेवला.

सकाळी पाहुण्यांच्या आधी सासूबाई हजर झाल्या. गाडी फाटकाशी थांबवून ठेवली होती. सुनेने त्यांना बोळातून सावकाश चालवत आणले आणि बाकावर बसवले.

"बसवून ठेवायला बोलावलंस?"

"थोडा वेळ भांडा माझ्याशी. मग गाडीत बसा."

"भांडायला मला मुहूर्त लागतो होय? सकाळी दूध उतू घालवलंस ते आधी सांग. आणि हा काळा कोट! कुणी पाहिलं तर म्हणेल, सासू मेल्याचा आनंद झाकतेय. तुझ्या नवऱ्यालाही तूच लाडावून ठेवलंस, नाहीतर तो पूर्वी असा…"

वाक्य अर्धेच राहिले. काठीवरची बोटे सैल झाली.

"त्या चोचीत काय आहे गं?"

"काडी असावी."

"काडी नव्हे. धागा आहे. घरटं विणतंय ते." सासूबाई पुढे झुकल्या. "आणि मागे दुसरं. तिसरं. अगं, पंखाला दोन निळे आहेत… दोन निळे लावले होते तिने."

 बऱ्याच वेळाने सासूबाईंची नजर राखेरी टोकावर गेली. तिथेही ती थांबली, आणि मग पुन्हा निळ्याकडे आली.

संचालक दारातून दबकत म्हणाले, "आजी, गाडीवाला विचारतोय…"

"जाऊ दे त्याला."

थोड्याच वेळात पाहुणे आले. सर्वांत पुढे प्रमुख पाहुणे होते. उन्हातून भराभर चालत आलेले, बोळात न रेंगाळलेले. पेटीपुढे येताच ते मोठ्याने म्हणाले, "अहो, काही दिसत नाही! कुणीतरी दिवा वाढवा."

संचालकांनी सुनेकडे पाहिले. तिने तोंड उघडायच्या आत बाकावर काठी आपटली.

"कुणी वाढवणार नाही. इकडे या. बसा." सासूबाई एका बाजूला सरकल्या. "धावत आलेल्या माणसाला काय दिसणार? डोळ्यांना जरा उसंत द्या."

पाहुणे निमूट बसले.

सून मागे, भिंतीला टेकून उभी होती. पेटीच्या काचेत, पाखरांच्या वर, पांढऱ्या केसांचे अंधूक प्रतिबिंब पडले होते. एरवी काचेत असे काही दिसले की ती शिडी मागवत असे. हे प्रतिबिंब मात्र तिने तसेच राहू दिले.