गुरबाच्या खोलीची कडी

सत्यशीलाच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. न्हाणीघरालासुद्धा नव्हती, आत कुणी असलं की बाहेरच्या खिळ्यावर टॉवेल टांगायचा, एवढीच खूण. लातुरातल्या क्लासच्या गल्लीत तिचं मुलींचं होस्टेल होतं आणि खाली खानावळ. होस्टेलच्या खोल्यांना कड्या होत्या, कारण बिनकडीच्या खोलीत पोरगी ठेवायला कुठला बाप तयार होतो? पण जिन्यामागच्या घरात पाऊल टाकलं की सत्यशीलाचा कायदा सुरू. नवरा शेषेराव लग्नानंतर वर्षभर कुरकुरला आणि मग मुकाट्यानं टॉवेल टांगायला लागला.

कायद्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भूकंपाच्या पहाटे औसा तालुक्यातल्या गावी तिचे वडील, आप्पा, आतल्या खोलीत कडी लावून झोपले होते. रात्रभर गणपती विसर्जनाची वाजंत्री झाली होती, कुणी उठवू नये म्हणून कडी. जमीन हलली तशी चौकट वाकली, कडी अडकली आणि वरून मातीच्या छताचं माळवद खाली आलं. आई, सत्यशीला आणि दोन्ही धाकटे भाऊ ओसरीवर होते, ते धडपडत अंगणात आले म्हणून वाचले. सत्यशीला तेव्हा सतरा वर्षांची होती. त्यानंतर कुठंही कडी सरकल्याचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून दाराकडं बघत राहायची.

दोन भावांपैकी अमृतराव शिकला आणि नांदेडच्या एका क्लासात पोरांना फिजिक्स शिकवायला लागला. धाकटा गुरुबसप्पा, म्हणजे घरचा गुरबा, डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. आई होती तोवर तो आईजवळ राहिला आणि ती गेल्यावर लातूरला आक्काकडे आला. आता तिशीला टेकलेला, थोडं पोट सुटलेलं, बोलणं जरा जड; पण दोन दिवस कान दिला की कुणालाही कळायचं. खानावळीत ताटं लावायची, पाणी भरायचं, गल्लीतल्या खोल्यांवर डबे पोचवायचे, ही कामं त्याची. ती तो मन लावून करायचा आणि कुणी मध्ये हात घातला की चिडायचा.

त्याला खोली होती. खोली आपली म्हणायची. भिंतीला त्याची खाट आणि उरलेल्या जागेत तांदळाची पोती, तूरडाळ, कांदे, तेलाचे डबे. ज्याला जे लागेल तो दार ढकलून आत. एका दुपारी गुरबा कपडे बदलत असताना भाकरी करणारी गंगम्मा कांदे न्यायला आली, "तू हाईस व्हय," म्हणाली आणि निवांत कांदे निवडत बसली. गुरबा कमरेला टॉवेल धरून कोपऱ्यात उभा राहिला. संध्याकाळी तो बहिणीपुढे येऊन बसला.

"आक्का, मला कडी पाहिजे."

"कशाला?"

"बाया येतेत. मी उघडा असतो."

"खिळ्याला टॉवेल टांगत जा."

"टॉवेल अंगाला होता."

सत्यशीलाला हसू आलं, ते तिनं दाबलं. "मी सांगते गंगम्माला. कडी न्हाई."

"वरच्या पोरींना कडी हाय. त्या लहान हायेत. मी मोठा हाय."

सत्यशीला त्याच्यावर ओरडली. गुरबा उठून गेला, पण विषय संपला नाही. रोज ताटं लावून झाली की तो यायचा आणि तेच म्हणायचा. शेवटी तिनं अमृतरावला फोन लावला.

"दे की आक्का," तो म्हणाला. "तीस वर्षांचा बाप्या हाय तो."

"नांदेडात बसून बोलायला काय जातंय तुला? काही झालं तर दार कोण फोडणार, तू?"

अमृतरावनं पोरांचा तास आहे म्हणून फोन ठेवला.

इकडं गुरबानं वाट पाहणं सोडलं. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्यानं स्वतःच्या पैशानं पितळी कडी आणि लांब स्क्रू घेतले आणि मडिवाळप्पा सुताराला आवतण दिलं. मडिवाळप्पा आला, पण गल्लीत राहायचं तर सत्यशीलाला विचारल्याशिवाय कसं लावणार? तिनं क्षणभर विचार केला आणि त्याला बाजूला घेतलं.

"लाव. पर स्क्रू इवलुसे लाव. एक धक्का दिला की निघाली पाहिजे."

मडिवाळप्पानं कानामागची पेन्सिल काढून डोकं खाजवलं. "म्हणजे दिसायला कडी."

"हाव. दिसायलाच."

त्यानं तशीच लावली. गुरबाला जग जिंकल्यासारखं झालं. गंगम्मा आता दार वाजवायची आणि हा तिला आतून "थांब" म्हणायचा. कडी सरकली तरी सत्यशीला आपलं काम करत राहायची, कारण त्या कडीत किती दम आहे ते तिला माहीत होतं. शिकलेल्या अमृतरावला जमलं नाही ते आपण जमवलं, अशा तोऱ्यात ती महिनाभर वावरली. भावाला फसवतोय असं तिला एकदाही वाटलं नाही.

मग एका दुपारी, जेवणाच्या पंगती उठल्यावर, जमिनीखालून गुरगुर आली आणि मांडणीतली भांडी वाजायला लागली. लातूरकरांना हे शिकवावं लागत नाही. वरच्या पोरी जिन्यानं धडाधड उतरल्या, शेषेराव आणि गंगम्मा गल्लीत पळाले. एकटी सत्यशीला उलटी घरात पळाली.

"गुरबा!"

दाराला आतून कडी लावलेली होती. आतून तो काहीतरी म्हणाला, पण ऐकून घ्यायला ती शुद्धीवर कुठं होती? तिनं खांद्यानं धडक दिली. मडिवाळप्पानं काम चोख केलं होतं. कडी उडाली, दार आत आपटलं आणि कडी काढायला पलीकडं उभ्या असलेल्या गुरबाच्या कपाळावर बसलं. तो कांद्याच्या पोत्यावर कोसळला. सत्यशीलानं त्याला दंडाला धरून फरफटत गल्लीत आणलं तेव्हा जमीन कधीच थांबली होती.

कुणाच्या भिंतीला साधी चीरही गेली नव्हती. गल्लीत जखमी झाला तो एकटा गुरबा, आणि तो बहिणीच्या हातून. ओट्यावर बसून सत्यशीला त्याच्या टेंगळावर बर्फ धरायला लागली, तर तो उठून आत गेला आणि कडी घेऊन आला. ती फिरवून त्यानं स्क्रू बघितले.

"हे माझे न्हाईत. मी मोठे आणले होते."

मडिवाळप्पावर ढकलून देणं सोपं होतं, आणि ते तिच्या जिभेवर आलंही. पण टेंगूळ समोर दिसत होतं.

"मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली.

"तू खोटी कडी दिलीस."

"माझ्या जिवाला घोर लागतो रे. आप्पांचं काय झालं, तुला कसं सांगू? तू लहान होतास, तुला न्हाई कळायचं."

"मी जागा होतो," गुरबा म्हणाला. "आप्पा आतून कडी ओढत होते. खडखड, खडखड. मग आवाज बंद झाला."

तो आवाज तिनंही ऐकला होता. आईला नाही, नवऱ्याला नाही, आजवर कुणालाच तिनं तो सांगितला नव्हता. आणि हा शेजारीच अंगणात उभा होता. त्याला काय आठवणार, असं सगळ्यांनी धरून चालल्यामुळं इतक्या वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मग तुला भेव न्हाई वाटत?"

"वाटतंय की. म्हणून झोपताना काढतो कडी. कपडे घालताना लावतो." मग तो म्हणाला, "मला येतंय, आक्का."

सत्यशीला भर गल्लीत, वरच्या पोरींदेखत, ओक्साबोक्शी रडली. गुरबानं तिला पाणी आणून दिलं, पण तोंडावरचा राग काही सोडला नाही. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मडिवाळप्पाला तिनंच बोलावलं आणि लांब स्क्रू लाकडात पुरते बसेपर्यंत गुरबा शेजारी उभा राहून बघत होता.

त्याच दुपारी तिला डाळ काढायची होती. तिनं दार ढकललं, ते हललं नाही. मग तिनं वाजवलं. भावाचं दार तिनं जन्मात कधी वाजवलं नव्हतं.

"कोण?"

"मी. डाळ पाहिजे."

"नंतर ये."

"काय करायलास?"

"बसलोय."

"नुसता?"

"हाव."

सत्यशीलाला राग आला. चुलीवर आधण ठेवलेलं, वर पोरी भुकेल्या, आणि हा नुसता बसलाय! आता ही कडी धक्क्यानं निघणारी नव्हती. ती दारापुढं उभी राहिली, मग पदर खोचून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि घरात पोतंभर डाळ असताना विकतची डाळ घेऊन आली.

संध्याकाळी गुरबानं दार उघडलं तेव्हा ती शेषेरावला घेऊन तयारच होती. तिघांनी मिळून तांदूळ, डाळ, कांदे, तेलाचे डबे, सगळं जिन्याखाली हलवलं. गंगम्मानं खोली झाडून घेतली. आता त्या खोलीत गुरबाशिवाय कुणाचं काही नव्हतं.