धोंड्याचं ताट

अधिक महिना लागला आणि गोदावरीबाईंनी जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. या महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घातले नाहीत, तर सासूला चारचौघींत तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यात हा जावई, मुकुंद, म्हणजे नुसता काडीपैलवान. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात हिशेब बघायचा. त्याचं ते खपाटीला गेलेलं पोट पाहून सासूबाईंना आणखीच चेव यायचा.

देवयानीने आईला फोनवर आधीच बजावलं होतं. सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी मुकुंदचं रक्त तपासलं होतं. अंगात इन्सुलिन भरपूर तयार होतंय, पण शरीर त्याला दाद देत नाही. वरून सडपातळ दिसत असला तरी आत यकृतावर चरबी साठलीय. आत्ता आवरलं तर मधुमेह टाळता येईल, असं ते म्हणाले होते. आईने "बरं बरं" म्हटलं आणि पुरणाची डाळ शिजायला टाकली.

ताटात चार धोंडे पडले. मुकुंद भिडस्त माणूस. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि घास मोडला. देवयानीचं डोकंच फिरलं. तिने ताट सरळ आपल्याकडे ओढलं.

"आई, नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"अगं, शुगर जाड्या माणसांना होते. ह्यांच्या हाडावर जरा मांस तर चढू दे."

अक्कलकोटहून आलेली आत्या खो खो हसली. "एवढ्या बारीक गड्याला कुटली आलीय शुगर? खावा की ओ, जावईबापू! आणि तू गं, पुढचं ताट ओढतेत व्हय?"

"हो, ओढतात," देवयानी म्हणाली. "आई, बाबा कुठं जाड होते?"

बाबा जन्मभर किडकिडीत. जेवले की पेंगायचे. आईला वाटायचं अशक्तपणा आहे, म्हणून ती रोज साजूक तुपातला शिरा करायची. शुगर कळली ती पायाची जखम चिघळल्यावर. आधी पाय गेला, मग वर्षाच्या आत बाबा.

"म्हणजे मी मारलं त्यांना?" गोदावरीबाईंचा आवाज फाटला.

"नाही गं. तेव्हा कुणालाच कळलं नाही. आता कळलंय." देवयानीला रडू आवरेना, तरी ताट तिने सोडलं नाही. "तू रुसलीस तरी चालेल. कुणाच्या हौसेपायी माझा माणूस घालवायची नाही मी."

मुकुंदने हातातला घास खाली ठेवला. "आई, मला धोंडे नकोत. भाकरी वाढा."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "वहिनी, जावई धोंडे न खाता उठला म्हणून लोकांस्नी काय सांगशील? शकुनाला एक तरी खाऊ दे की."

गोदावरीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लेकीच्या हातातलं ताट घेतलं.

"सांगा, वन्सं. खुशाल सांगा गावभर," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाला मी जिवापाड खाऊ घातलं. ह्यांना नाही घालणार."